मानसशास्त्राच्या पदवीनंतर: सातारा आणि सांगलीतील कामाच्या वाटा

मानसशास्त्र म्हणजे माणसाच्या वर्तनाचा आणि मनोव्यापारांचा पद्धतशीर अभ्यास. या विषयात बी.ए. झालेल्या विद्यार्थ्याला संवेदन, स्मरण, अध्ययन, भावना, व्यक्तिमत्त्व, विकासाच्या अवस्था, अपसामान्य वर्तन आणि संख्याशास्त्र यांची ओळख झालेली असते. ही ओळख अनेक व्यवसायांत उपयोगी पडते, पण तिच्यामुळे कोणत्याही एका व्यवसायाचा परवाना मिळत नाही. नर्सिंग किंवा फार्मसीची पदवी हाती आली की पुढचे काम बहुतेक ठरलेले असते. मानसशास्त्राच्या पदवीधराला मात्र पुढची शाखा, तिचे प्रशिक्षण आणि तिची नोंदणी हे तिन्ही स्वतः ठरवावे लागते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ही निवड आणखी विचाराने करावी लागते, कारण येथे गरज मोठी असली तरी पक्क्या जागा थोड्या आहेत.

शिक्षणाची पार्श्वभूमी

उच्च शिक्षणाच्या बाबतीत हे दोन्ही जिल्हे मागासलेले नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच वर्षी सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची असून कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. साताऱ्यात २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठही आहे. वैद्यकीय शिक्षणाचा पायाही जुना आहे. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले आणि १९६२ मध्ये तेथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. कऱ्हाड, सांगली आणि सातारा या शहरांतही आज वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

कला शाखेत मानसशास्त्र घेणाऱ्यांमध्ये मुलींची संख्या मोठी दिसते. त्यांतील अनेकींचे लग्न आणि नोकरी या दोन्हींचा विचार घरात एकाच वेळी सुरू असतो. त्यामुळे कोणती वाट किती वर्षांची आहे, त्यासाठी किती काळ बाहेरगावी राहावे लागेल आणि परत आल्यावर जवळपास काम मिळेल का, हे प्रश्न या भागात विषयाच्या आवडीइतकेच महत्त्वाचे ठरतात.

पदवी, प्रशिक्षण आणि नोंदणी

बी.ए. नंतरची पहिली पायरी एम.ए. किंवा एम.एस्सी. ही आहे. समुपदेशन, औद्योगिक मानसशास्त्र, बालमानसशास्त्र किंवा क्लिनिकल मानसशास्त्र यांपैकी एक शाखा येथे निवडावी लागते. यांत क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाचे स्थान कायद्याने निश्चित केलेले आहे. भारतीय पुनर्वास परिषद ही १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था या व्यवसायाचे अभ्यासक्रम मान्य करते आणि उत्तीर्ण झालेल्यांची नोंदणी ठेवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाची व्याख्या पुनर्वास परिषदेच्या मान्यतेशी जोडली आहे. केवळ एम.ए. झालेल्या व्यक्तीने स्वतःच्या पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असे लिहिणे या व्यवस्थेत बसत नाही.

आजवर या पदासाठी पूर्णवेळ दोन वर्षांचे एम.फिल. हा रूढ मार्ग होता. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवी बंद केली, तरी विद्यापीठ अनुदान आयोगाने क्लिनिकल मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांतील एम.फिल.ला २०२५-२६ पर्यंत मुभा दिली. पुढच्या काळासाठी पुनर्वास परिषदेने क्लिनिकल मानसशास्त्रातील नवी एम.ए. आणि साय.डी. असे अभ्यासक्रम आखले आहेत. रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहणे हा या शिक्षणाचा गाभा असल्याने जागा मोजक्या असतात आणि प्रवेश परीक्षा कठीण असते. बंगळुरूची निम्हान्स ही देशातील अग्रगण्य संस्था आहे. पुण्यातील महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आणि धारवाडची डिमहान्स या दोन संस्था या भागाला तुलनेने जवळच्या आहेत. मिरजेहून बेळगावमार्गे हुबळीकडे जाणारी रेल्वे धारवाडला थांबते, ही सोय सांगलीच्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते.

क्लिनिकल शाखेबाहेरच्या मानसशास्त्रज्ञांसाठी आणि समुपदेशकांसाठी बराच काळ कोणताही कायदा नव्हता. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने वर्तनविषयक आरोग्यसेवेचा वेगळा गट केला आणि मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक व मानसिक आरोग्य साहाय्यक यांना त्यात आणले. याचा एक परिणाम लगेच जाणवला. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली आणि त्यात मानसशास्त्राचाही समावेश आहे. नोकरी किंवा संसार सांभाळून मुक्त विद्यापीठातून एम.ए. करण्याची जी वाट माण, जत किंवा शिराळ्याच्या विद्यार्थिनींना सोयीची होती, ती त्यामुळे बंद झाली आहे. यापुढे नियमित महाविद्यालयातील शिक्षणाचा विचार पहिल्यापासूनच करावा लागेल.

रुग्णालये आणि सरकारी आरोग्यसेवा

राज्यात शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. सातारा किंवा सांगलीत एकही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि त्यांतील बहुसंख्य लोक उपचारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. मनोरुग्णालयाची लांबची वाट आणि 'वेड्याचं इस्पितळ' ही धास्ती या दोन्हींमुळे जिल्हा पातळीवरील सेवेचे महत्त्व वाढते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये देशात सुरू झाला. मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ, मनोविकार समाजकार्यकर्ता आणि परिचारिका असे त्याचे पथक असते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय आणि सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय ही सरकारी सेवेची मोठी ठिकाणे आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांतही मानसशास्त्रज्ञांची गरज असते.

एम.ए. झालेल्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानात आणखी काही पदे निघतात. किशोरवयीनांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची 'मैत्री' केंद्रे, लहान मुलांच्या विकासातील अडचणी वेळीच ओळखणारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आणि तंबाखू नियंत्रण कक्ष येथे समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमले जातात. एचआयव्हीसाठीच्या एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रांतील समुपदेशकाच्या पदालाही मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी चालते. या कामाला सांगलीत वेगळा इतिहास आहे. १९९२ मध्ये येथे सुरू झालेल्या 'संग्राम' संस्थेने आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने देहविक्रीतील स्त्रियांनाच आरोग्य-कार्यकर्त्या केले. समुपदेशन म्हणजे वरून दिलेला उपदेश नव्हे, हे त्या कामाने दाखवून दिले.

या पदांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. त्यांतील बहुतेक कंत्राटी आहेत. करार अकरा महिन्यांचा असतो, मानधन ठरलेले असते आणि सेवेत कायम होण्याची शाश्वती नसते. तरीही पहिल्या दोन-तीन वर्षांत जितके आणि जितक्या तऱ्हांचे लोक येथे भेटतात, तितके शहरातल्या खासगी दवाखान्यात भेटत नाहीत. अनुभव म्हणून ही कामे मोलाची आहेत.

केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मदत मिळते. या सेवेमुळे फोनवरील समुपदेशक हे नवे काम तयार झाले आहे.

आपत्तीच्या काळात मानसशास्त्रज्ञांची उणीव ठळकपणे जाणवते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर व त्यातील ब्रह्मनाळची बोट दुर्घटना आणि जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर व मीरगाव येथे कोसळलेल्या दरडी, या सर्व घटना या दोन जिल्ह्यांतल्या आहेत. घर, गोठा, जनावरे आणि आप्त एका रात्रीत गमावलेल्या माणसाला धान्याच्या पाकिटाबरोबर मानसिक आधारही लागतो. मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेल्या पदवीधरांची यादी प्रत्येक तालुक्यात तयार असणे ही या भागाची गरज आहे.

व्यसनमुक्ती

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात महाराष्ट्राची परंपरा भक्कम आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केले. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य या दोन्ही क्षेत्रांत काम करते.

या कामात मानसशास्त्राच्या पदवीधराला लवकर प्रवेश मिळतो. रुग्णाची पहिली मुलाखत, गटचर्चा, पत्नी आणि आईवडिलांशी बोलणे, केंद्रातून घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा ही कामे प्रशिक्षित समुपदेशक करतात. व्यसनातून बाहेर पडलेले कार्यकर्तेही त्यात बरोबरीने असतात. पुन्हा पुन्हा घसरणाऱ्या माणसाकडे न कंटाळता पाहण्याची तयारी येथे पुस्तकी ज्ञानापेक्षा जास्त लागते.

दाभोलकरांच्या दुसऱ्या कामाचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. अंगात येणे, भानामती, करणी, 'बाहेरचं आहे' असे म्हणून देवऋषाकडे नेणे या गोष्टींमागे अनेकदा उपचार करता येण्याजोगा मानसिक आजार किंवा कुटुंबातील असह्य ताण असतो. त्यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने हा मुद्दा सातत्याने मांडला. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. पीडित कुटुंबाला दुखावणार नाही अशा भाषेत त्याला उपचारांकडे वळवणे हे काम कायद्याला जमत नाही, ते प्रशिक्षित समुपदेशकच करू शकतो.

शाळा आणि वसतिगृहे

शालेय समुपदेशन हे पुढील काही वर्षांत सर्वांत झपाट्याने वाढणारे क्षेत्र ठरण्याची शक्यता आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी, असे त्यांत म्हटले आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संबंध ठेवायचे आहेत. शाळा, कनिष्ठ महाविद्यालये आणि कोचिंग क्लास सर्वांनाच हे लागू आहे. अंमलबजावणी प्रामाणिकपणे झाली तर एकट्या या निर्णयातून दोन्ही जिल्ह्यांत मोठ्या संख्येने कामे निघतील.

सातारा जिल्ह्यात या कामाला अनुकूल अशा शिक्षणसंस्था आधीपासून आहेत. पाचगणी हे निवासी शाळांचे गाव आहे. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांचे प्रश्न वेगळे असतात: घरची ओढ, रॅगिंग, परीक्षेची धास्ती, मोबाइलचे वेड, वयात येतानाचा गोंधळ. म्हणून निवासी शाळेतल्या समुपदेशकाला वर्गाच्या वेळेपुरते काम करून भागत नाही. सैनिक शाळांत समुपदेशकाचे पद बहुधा कंत्राटी असते. शालेय समुपदेशनासाठी एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशन पदविका उपयोगी पडते.

दहावी-बारावीनंतरचे करिअर मार्गदर्शन हे याच क्षेत्राला जोडून असलेले काम आहे. राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली जात होती. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी ही संस्था १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी स्थापन केली. तिच्या मानसशास्त्र विभागाने बुद्धिमापन आणि अभिक्षमता मापनाचे काम मराठी मुलांसाठी दीर्घकाळ केले आहे. कऱ्हाड, इस्लामपूर, विटा, फलटण यांसारख्या गावांत अशा चाचण्यांना मागणी आहे. चाचणीचे गुण संगणकावर निघतात, पण त्यांचा अर्थ घरच्या परिस्थितीशी जुळवून सांगणे हे मानसशास्त्रज्ञाचेच काम आहे. केवळ छापील अहवाल हाती देणारी केंद्रे ते करत नाहीत.

अध्यापन आणि संशोधन

मानसशास्त्राचा पदवीधर पूर्वी बहुतेक वेळा प्राध्यापकीकडेच वळत असे. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए. सोबत नेट किंवा सेट उत्तीर्ण असणे किंवा पीएच.डी. असणे लागते. कनिष्ठ महाविद्यालयात एम.ए. आणि बी.एड. लागते. राज्याची सेट परीक्षा पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेते. अनुदानित पदे क्वचित भरली जातात आणि भरती रखडली की वर्षानुवर्षे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवावे लागते. सीएचबीवरील शिक्षकाला केवळ घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. या वाटेने जाणाऱ्याने जोडीला समुपदेशनाचे प्रशिक्षण घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे.

संशोधनाला मात्र येथे विपुल विषय आहेत. दुष्काळी पट्ट्यातील स्थलांतर, ऊसतोड कुटुंबांतील मुले, धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या, महापुराचे दीर्घकालीन परिणाम या विषयांवर मराठीतून मुलाखती घेऊन करता येण्याजोगे काम भरपूर आहे.

न्यायव्यवस्था, महिला व बालविकास, कारागृहे

२०१५ च्या बाल न्याय कायद्याने मानसशास्त्राला न्यायप्रक्रियेत महत्त्वाची जागा दिली. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अत्यंत गंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन बाल न्याय मंडळाला करावे लागते. कायदा त्यासाठी मानसशास्त्रज्ञाची मदत घेऊ देतो. मंडळात बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राचा व्यावसायिक सदस्य नसेल तर ही मदत घेणे बंधनकारक मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. मंडळावरील सामाजिक सदस्यांच्या पात्रतेतही बालमानसशास्त्राची पदवी धरली जाते. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, निरीक्षणगृहे आणि हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठीची 'सखी' केंद्रे येथे समुपदेशकांच्या जागा असतात. पॉक्सो कायद्याखालील खटल्यांत पीडित बालकाला आधार देणारी व्यक्ती हीदेखील एक भूमिका आहे. कौटुंबिक न्यायालयांतील विवाह समुपदेशक आणि अशाच काही पदांना समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागितली जाते. म्हणून मानसशास्त्रात बी.ए. करून पुढे एम.एस.डब्ल्यू. करणे हा चांगला पर्याय आहे. साताऱ्याजवळ जकातवाडी येथे समाजकार्य महाविद्यालय आहे.

कारागृहांतील सुधारकार्याचा विचार करताना सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा उल्लेख टाळता येत नाही. औंध संस्थानात १९३९ मध्ये ही खुली वसाहत सुरू झाली. संस्थानिकांना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची साथ होती. कैद्यांनी येथे भिंतींशिवाय आणि कुटुंबासह राहून शेती करायची अशी योजना होती. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखे बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा हाच प्रयोग होता. विश्वास टाकल्याने माणसाचे वर्तन बदलते हे तत्त्व सुधारात्मक मानसशास्त्र आज पाठ्यपुस्तकांतून शिकवते, आणि त्याचा प्रत्यक्ष प्रयोग या मातीत स्वातंत्र्याआधी झालेला आहे. कारागृहांत मानसशास्त्रज्ञांच्या जागा आज फारच कमी आहेत. न्यायवैद्यक मानसशास्त्र शिकणाऱ्याला नोकरीसाठी मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांकडे पाहावे लागते.

दिव्यांग पुनर्वसन

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांत येतात. मूल्यांकन, प्रमाणपत्र आणि परीक्षेतील सवलती या प्रत्येक टप्प्यावर मानसशास्त्रीय चाचणी लागते. बुद्धिमापनासाठी वापरली जाणारी बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी स्वातंत्र्यापूर्वी मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठीच तयार केली होती. सीमाभागातल्या सांगलीला ती दोन्ही भाषांतून जवळची आहे. विशेष शिक्षक होण्यासाठी पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा बी.एड. करावा लागतो. मानसशास्त्राच्या पदवीधराला हा अभ्यासक्रम सोपा जातो आणि त्यानंतर नोकरीची शक्यताही बरी असते.

उद्योग आणि सहकार

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी, साताऱ्याचा कूपर उद्योगसमूह, दोन्ही जिल्ह्यांतील औद्योगिक वसाहती, साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या आणि सहकारी बँका एवढा मोठा औद्योगिक पसारा येथे आहे. मनुष्यबळ विभागात निवड, प्रशिक्षण, कामाचे मूल्यमापन आणि अपघात कमी करण्याचे उपाय यांसाठी औद्योगिक मानसशास्त्राचे ज्ञान लागते. प्रत्यक्षात जाहिरातींत एम.बी.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. मागतात आणि कामगार कल्याण अधिकाऱ्याच्या पदासाठी ठरावीक पदवी किंवा पदविका लागते. म्हणून उद्योगाकडे जाणाऱ्याने मानसशास्त्राच्या पदवीवर मनुष्यबळ व्यवस्थापनाचा किंवा कामगार कायद्यांचा अभ्यासक्रम जोडावा. ग्राहक संशोधन, जाहिरात, संकेतस्थळे आणि अॅप वापरणाऱ्यांच्या सवयींचा अभ्यास ही नवी कामे पुणे-मुंबईत आहेत. त्यांपैकी काही घरून करता येतात.

खेळ, सैन्य आणि स्पर्धा परीक्षा

खेळाच्या बाबतीत हे जिल्हे देशात पुढे आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. २०२३ मध्ये बर्लिन येथे वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झालेली अदिती स्वामी साताऱ्याची, टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेले प्रवीण जाधव फलटण तालुक्यातील सरडे गावचे, तर क्रिकेटपटू स्मृती मानधना सांगलीची. पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवणारे सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातील आहेत. तिरंदाजीत शेवटच्या बाणाच्या वेळी श्वास आणि लक्ष आवरणे हे निव्वळ मनाचे कौशल्य आहे. तालमी, अकादमी आणि क्रीडा प्रबोधिनी येथे क्रीडा मानसशास्त्रज्ञाची पूर्णवेळ जागा अजून दुर्मीळ आहे. अर्धवेळ काम करणाऱ्या जाणकाराला मात्र वाव आहे.

सैनिकी परंपरेच्या सातारा जिल्ह्यात संरक्षण क्षेत्रातील मानसशास्त्राची माहिती आश्चर्य वाटावे इतकी कमी आहे. अधिकारी निवडणाऱ्या सेवा निवड मंडळांत मानसशास्त्रज्ञ हा एक मुख्य परीक्षक असतो. त्या चाचण्यांमागे संरक्षण संशोधन संघटनेच्या मानसशास्त्रीय संशोधन संस्थेचे काम असते आणि संघटनेच्या शास्त्रज्ञ पदांच्या भरतीत मानसशास्त्र या विषयाचाही समावेश होतो.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे आणि २०२५ पासून वर्णनात्मक झालेल्या राज्यसेवा मुख्य परीक्षेतही तो घेता येतो. पदवीचा अभ्यास त्यामुळे थेट उपयोगी पडतो. तरीही निवड होणाऱ्यांची संख्या अगदी थोडी असल्याने केवळ याच भरवशावर पाच-सहा वर्षे घालवणे धोक्याचे आहे. दुसरी वाट जवळ असलेल्या विद्यार्थ्याचा अभ्यासही अधिक स्वस्थ मनाने होतो.

स्वतःचे केंद्र

एम.ए. नंतर काही वर्षे देखरेखीखाली काम केल्यावर स्वतःचे समुपदेशन केंद्र काढता येते. तालुक्याच्या गावात हे एकट्याने चालवणे अवघड जाते. डॉक्टर, शाळा आणि वकील यांच्याशी संबंध ठेवून दोन-तीन ठिकाणी आठवड्याचे वार वाटून काम करणारे समुपदेशक अधिक टिकतात. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेने दाखवलेली एकत्रित कामाची पद्धत लहान गावांनाही घेता येण्याजोगी आहे.

येथे भेटणारा माणूस 'मला नैराश्य आलं आहे' असे म्हणत नाही. अंग मोडून येते, डोके जड होते, जेवण जात नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, 'लई टेन्शन आहे' एवढेच तो सांगतो. बरोबर सासू, भाऊ किंवा चुलता असतो आणि बोलणे तेच करतात. पाठ्यपुस्तकातील इंग्रजी संज्ञा बाजूला ठेवून माणदेशी किंवा कृष्णाकाठच्या बोलीत ऐकता येणे, हे येथे वाढलेल्या पदवीधराचे मोठे भांडवल आहे. लहान गावात सर्व एकमेकांना ओळखतात, त्यामुळे गोपनीयता पाळण्याची जबाबदारीही दुप्पट असते. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. औषध देणे हे समुपदेशकाचे काम नाही, आणि आत्महत्येचा विचार किंवा तीव्र आजार दिसताच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे हे त्याचे कर्तव्य आहे.

निवड कशी करावी

सगळ्या वाटा शेजारी ठेवून पाहिल्या तर चित्र स्पष्ट होते. क्लिनिकल मानसशास्त्र ही सर्वांत लांब आणि कठीण वाट असली तरी तिला कायद्याचे संरक्षण सर्वांत भक्कम आहे. शालेय समुपदेशन आणि विशेष शिक्षण यांत मध्यम मुदतीत काम मिळण्याची शक्यता अधिक आहे. सरकारी आरोग्यसेवा आणि व्यसनमुक्ती यांत प्रवेश लवकर मिळतो, पण स्थैर्य कमी असते. अध्यापनात स्थैर्य आहे, जागा मात्र नाहीत. उद्योगात जोडपदवीशिवाय फारसे चालत नाही. बी.ए. नंतर थांबणाऱ्याला ही पदवी इतर कोणत्याही कला पदवीइतकीच उपयोगी पडते.

म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षीच शाखा ठरवावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत व्यसनमुक्ती केंद्र, विशेष शाळा किंवा रुग्णालयात महिनाभर जाऊन ते काम आपल्याला झेपते का, हे पाहावे. प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाला पुनर्वास परिषदेची किंवा संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाची मान्यता आहे का, हे स्वतः तपासावे. चार दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र घेऊन पाटी लावू नये, कारण समोरचा माणूस अनेक वर्षांचे दुखणे घेऊन आलेला असतो. पालकांनी मुलीला या शिक्षणासाठी दोन वर्षे बाहेरगावी राहू द्यावे आणि शिक्षणसंस्थांनी समुपदेशकाचे पद कागदावर न ठेवता योग्य मानधनाने भरावे. सातारा आणि सांगलीत मदतीची वाट पाहणारी माणसे आज आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचेल असा प्रशिक्षित मराठी मानसशास्त्रज्ञ याच जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतून तयार व्हायला हवा.